सोवळ्यातलं वायफाय

पन्नाशी उलटलेला, एकटा राहणारा पुरुष दर दोन महिन्यांनी टिकल्यांचं पाकीट का विकत घेत असेल, सांगा बरं?

जर्मनीत, आमच्या एर्लांगेनच्या इंडियन दुकानात काउंटरशेजारी टिकल्यांचा एक पुठ्ठा टांगलेला असतो. तिथे मी विश्वास खांबेट्यांना उभं पाहिलं. हातात मरून रंगाचं पाकीट, चष्मा कपाळावर, आणि दुकानदाराकडे चौकशी चाललेली, "यात जरा बारीक नाही का?" मी लोणच्याच्या बरण्यांमागे लपले. लपायचं मला काहीएक कारण नव्हतं, पण अशा वेळी पाय आपोआप बरण्यांमागे जातात.

खांबेटे आमच्याच इमारतीत राहतात. आम्ही पहिल्या मजल्यावर, ते तिसऱ्या. माझा नवरा हेमंत आणि ते एकाच कंपनीत, दवाखान्यातल्या मोठ्या मशिनींचं सॉफ्टवेअर करणारे. मी घरी येऊन हेमंतला म्हटलं, "खांबेट्यांचं जमलंय हं कुठेतरी." तो म्हणाला, "कुणाचं? अगं, ते कॅन्टीनमध्ये भिंतीकडे तोंड करून जेवतात." मी ही बातमी कुणाला म्हणजे कुणालाही सांगितली नाही, फक्त एका मैत्रिणीला सांगितली. रविवारपर्यंत न्युरेनबर्गच्या मराठी मंडळात बाई पंजाबी आहे इथपर्यंत मजल गेली होती.

पुढच्या आठवड्यात त्यांचं एक पार्सल पोस्टमन माझ्याकडे ठेवून गेला, ते द्यायला मी वर गेले. (इथे शेजाऱ्याचं पार्सल घेणं हा अर्धा शेजारधर्म. उरलेला अर्धा म्हणजे रविवारी भिंतीला खिळा न ठोकणं.) दार उघडलं, मी आत डोकावले आणि बघतच राहिले. भिंतीवर भला मोठा टीव्ही, आणि त्याच्या वरच्या पट्टीवर, अगदी मधोमध, मरून टिकली. टेबलावरच्या लॅपटॉपला टिकली. फोनला टिकली. सगळी उपकरणं हळदीकुंकवाला निघाल्यासारखी नटलेली.

"कॅमेरा झाकलाय," खांबेटे म्हणाले. "लोक टेप लावतात. टेपचा डिंक राहतो. टिकली कशी, लागते स्वच्छ, निघते स्वच्छ. शिवाय मे महिन्यातल्या लग्नात बायकांच्या घामाला पुरून उरते, म्हणजे दर्जा असणारच. गेनाऊ? बरोबर की नाही?"

पंजाबी बाई जागच्या जागी वारली.

आईवडिलांनी कौतुकानं ठेवलेल्या नावाची इतकी नाचक्की मी दुसरीकडे पाहिली नाही. नाव विश्वास, आणि टीव्हीवर नाही, फोनवर नाही, पाहुण्यांवर तर नाहीच नाही. कुणी त्यांच्या घरी वायफायचा पासवर्ड मागितला की चेहरा गंभीर करून म्हणायचे, "आल्झो, म्हणजे बघा, प्रश्न विश्वासाचा नाहीये, वहिनी." मी म्हणायचे, "प्रश्न विश्वासचाच आहे." त्यांना हा विनोद कधी कळला नाही. मी मात्र तो दर वेळी केला.

त्यांच्या घरात दोन वायफाय होते. इथल्या राउटरला घरच्यांसाठी एक आणि पाहुण्यांसाठी एक अशी सोय असते, त्यात नवल नाही. नवल नावांचं. एकाचं नाव Sowala, दुसऱ्याचं Owala. सोवळं आणि ओवळं! सोवळ्यात त्यांचा लॅपटॉप, त्यांचा फोन आणि एक जुना प्रिंटर. प्रिंटर मुळात चालतच नसे, त्यामुळे त्याच्यापासून धोका नव्हता. ओवळ्यात आलागेला पाहुणा आणि टीव्ही.

"टीव्ही घरचा नाही का?" मी विचारलं.

"टीव्ही?" ते जवळ सरकले आणि टीव्हीला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "तो पुढून सिनेमा दाखवतो आणि मागच्या दारानं आपल्या कंपनीला चहाड्या सांगतो. मी त्याला बोलताना पकडलाय. म्हणून तो ओवळ्यात. आणि माझ्याकडे ओवळ्यातल्यांनीही एकमेकांना शिवायचं नाही. पाहुण्याचा फोन टीव्हीला दिसत नाही, टीव्ही पाहुण्याच्या फोनला दिसत नाही."

मला राग आला. मी म्हटलं, "हा शब्द घराघरांतून घालवायला लोकांच्या पिढ्या गेल्या, आणि तुम्ही तो राउटरवर नेऊन बसवलात?" तर शांतपणे म्हणतात, "माणसांना लावला ते चूक होतं, वहिनी. यंत्रांना लावायला हवा होता."

दुसऱ्या मजल्यावरच्या फ्राऊ लिंडनरना आपल्या फोनवर ही दोन नावं दिसायची. त्यांनी एकदा जिन्यात अर्थ विचारला. खांबेट्यांनी शुद्ध कशाला म्हणायचं, अशुद्ध कशाला, कशाला कशाचा स्पर्श चालत नाही, स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत सगळं जर्मनमध्ये समजावलं. फ्राऊ लिंडनरनी हातातली पिशवी खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "आख् झो! म्युलट्रेनुंग!" म्हणजे आपलं ओला कचरा-सुका कचरा. तेव्हापासून त्या बाईंच्या मनात खांबेट्यांबद्दल फार आदर आहे.

मंडळातही आदर होता, पण तो भीतीपोटी. इथे तुमच्या वायफायवरून एखाद्या पाहुण्यानं चोरून सिनेमा उतरवला, तरी वकिलाचं पत्र येतं ते यजमानाच्या नावानं. त्याला म्हणतात आबमानुंग. आमच्यातल्या एका कुटुंबाला मेहुण्याच्या कृपेनं ते आलं, आणि मंडळात सगळे त्याला अपमानुंग म्हणायला लागले. मग काय, जो तो खांबेट्यांकडे. गणपतीच्या आरतीनंतर लोक प्रसाद हातात घेऊन राउटरबद्दल शंका विचारायचे.

मीही फसले. मला लॅपटॉपवरची मराठी मालिका टीव्हीवर बघायची होती, एवढीच माझी माफक इच्छा. खांबेटे शनिवारी सकाळी आले. जेवण झालं, चहा झाला, दुसरा चहा झाला. आमचा राउटर उघडला, मिटला, त्याला नवं नाव दिलं. हेमंतला स्वतःच्याच घरात स्वतःची ओळख पटवावी लागली. दिवेलागणीला खांबेटे हात झटकत उठले. "झालं. आता बाहेरचं कुणीही आत येऊ शकत नाही."

"आणि आम्ही?"

"तुम्हीही नाही," ते म्हणाले. "सध्या."

ती मालिका मी फोनवर बघितली, नायिकेचं तोंड वाटाण्याएवढं.

तर अशा या गृहस्थांकडे त्या वर्षी मे महिन्यात त्यांची आई आली. माई. ऐंशीला टेकलेल्या, कराडच्या, नऊवारीत. वडील आदल्या वर्षी गेले होते. माईंच्या छातीत एकदा कळ येऊन गेली होती आणि तिकडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की रात्रीचं घरात एकटं झोपू नका. खांबेटे एकुलते एक. आईनं इथे यावं म्हणून वर्षभर फोनवर गयावया करत होते. शेवटी माई म्हणाल्या, "तीन महिने येते. करमलं तर दर वर्षी येईन. नाही करमलं तर पुन्हा विचारायचं नाहीस." हे खांबेट्यांनीच मला सांगितलं. सांगताना मी नेऊन दिलेल्या आणखी एका पार्सलवरची चिकटपट्टी नखानं खरवडत होते. "वहिनी, तुम्ही जरा येत जा हो वर. बायकांचं बोलणं मला येत नाही."

आल्याच्या दुसऱ्या दिवशी माई दुपारी जिना उतरून माझ्याकडे आल्या. धाप लागलेली, पण डोळे चमकत होते. "सरळ सांग गं. कोण आहे? मला ड्रॉवरमध्ये टिकल्यांची पाकिटं सापडलीयेत. जर्मन असली तरी चालेल मला. अंडी खाणारी असली तरी चालेल."

आता हे सांगायचं माझ्या वाट्याला यावं! मी सांगितलं. माई खुर्चीत बसल्या. "टीव्हीला?" म्हणाल्या. मी मान हलवली. बराच वेळ त्या पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिल्या. "म्हणजे या घरात टिकली लावणारं टीव्हीशिवाय कुणी नाही," एवढंच म्हणाल्या. मग चहा मागितला आणि आलं कमी पडलं म्हणून मला नावं ठेवली.

पहिले पंधरा दिवस बरे गेले. खांबेट्यांनी माईंना तळं दाखवलं, बदकं दाखवली, राजवाड्याची बाग दाखवली. पण माईंचं सगळं चित्त संध्याकाळी असायचं. कराडला रात्रीची जेवणं उरकली की कुसुमताई आणि आणखी दोघी जणी माईंच्या ओसरीवर जमत आणि वाती वळत. माई कापसाची अख्खी पिशवी घेऊन जर्मनीत आल्या होत्या. वाती देवाला लागत होत्या हे खरं, पण त्याहून त्या बोलायला लागत होत्या. तिकडे नुकतंच इंटरनेट स्वस्त झालं होतं आणि कुसुमताईंच्या घरी व्हिडिओवर बोलता येऊ लागलं होतं. इकडचे पाच वाजले की माई टॅबलेट मांडीवर घेऊन बसायच्या. पण मोतीबिंदूचे डोळे. "या कोण? कुसुम की इंदू? कपाळ दिसतंय नुसतं," असं चालायचं. एकदा त्यांनी पूर्ण वेळ इंदूताईंना कुसुम समजून इंदूताईंबद्दलच सांगितलं. तिकडे बरंच बिनसलं.

"अरे, एवढा दाराएवढा टीव्ही आहे, त्यावर दिसू देत की माझ्या मैत्रिणी," माई म्हणाल्या.

"आल्झो, आई, ते सुरक्षित नाही. तुझा टॅबलेट टीव्हीला शिवू शकत नाही."

असं दोनतीनदा झालं. आणि एका संध्याकाळी माईंचा मला फोन, "वर ये. आत्ताच्या आत्ता."

मी गेले तर माई सोफ्यावर ताठ बसलेल्या, टॅबलेट पुढ्यात, आणि खांबेटे चोरासारखे उभे.

"ही इंग्रजी अक्षरं वाच," माईंनी टॅबलेट माझ्यापुढे धरला. "मी लावून लावून वाचली. माझे डोळे गेलेत, अक्कल नाही गेली. काय लिहिलंय?"

"ओवळं," मी म्हटलं.

"ऐकलंस? मला ओवळ्यात ठेवलंय यानं! जन्मदात्या आईला! मी चाळीस वर्षं सोवळ्यात स्वयंपाक केला, आणि यानं मला कुठे बसवलं? टीव्हीच्या पंगतीला!"

"आई, तुला नाही गं, टॅबलेटला," खांबेटे काकुळतीला आले. "त्यात काय काय भरलंय तुला माहीत नाही. कुणीतरी त्यात सात टॉर्च घालून दिलेत. सात! एक टॉर्च तर तुझे सगळे फोन नंबर मागत होता."

"लाइट जातात आपल्याकडे!"

"सातही टॉर्च लागतील इतके?"

मला हसू आवरेना, पण माईंच्या डोळ्यांत पाणी होतं. "विश्वास, माझं तिकीट बदल," त्या म्हणाल्या. "तू चांगलाच आहेस. पण दिवसभर या घरात माझ्याशी कुणी बोलत नाही, आणि ज्या बोलतात त्या मला दिसत नाहीत. मी माझ्या घरी जाते. जे व्हायचं ते तिथे होऊ दे."

खांबेट्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. वर्षभराच्या विनवण्या सात टॉर्चांपायी पाण्यात चालल्या होत्या. मला तर वाटलं, आता हे राउटर उचलून खिडकीबाहेर टाकणार. पण नाही हो, तेवढं धाडस कुठलं! ते नुसते म्हणाले, "आई, नियम आहेत गं. एकदा सोडले की सगळंच सुटतं. तूच नाही का मला 'शिवू नकोस, शिवू नकोस' म्हणायचीस?"

माई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग एकदम हसल्या, रडता रडताच. "मेल्या, शिवू नकोस तेवढं बरं लक्षात राहिलं तुझ्या? पुढचं नाही आठवत?" आणि माझ्याकडे वळल्या. "हा असेल तीनेक वर्षांचा. मी सोवळ्यात चुलीपुढे. हा पडून, गुडघा फोडून, रडत दाराशी यायचा. कपड्यांचं ओवळं. पण उघड्या पोराला सोवळंओवळं नसतं. तर हा शहाणा उंबऱ्यावरच चड्डी काढून फेकायचा, सदरा काढून फेकायचा, आणि नागडा धावत येऊन बिलगायचा मला! सासूबाईसुद्धा काही बोलू शकायच्या नाहीत. अरे, शास्त्र कडक होतं, पण रडत्या पोराला त्यातून वाट होती. तुझ्या शास्त्रात नाही का रे तसली वाट?"

खांबेटे लाजून लाल झाले होते. मग हळूहळू त्यांची नजर टॅबलेटकडे गेली. मी त्यांना विचार करताना बघत होते.

"आहे," ते म्हणाले. "फॅक्टरी रीसेट."

"म्हणजे काय गं?" माईंनी मला विचारलं.

"नागडं करणं," मी म्हटलं.

"मग कर की! माझी परवानगी आहे. फोटो तेवढे आधी काढून ठेव."

खांबेट्यांनी फोटो बाजूला काढले, आणि टॅबलेटची वस्त्रं उतरवली. टॉर्च गेले, फुकट भविष्य सांगणारं काहीतरी होतं ते गेलं, कुसुमताईंच्या नातीनं घातलेला रंगीत गोळ्या फोडायचा खेळ गेला. माई शेजारी बसून विचारत होत्या, "झाला का उघडा?" मग टीव्हीची पाळी आली. टीव्हीलाही पार नव्यासारखा केला, त्याच्या चहाड्यांच्या वाटा एकेक करून बुजवल्या. आणि मग विश्वास खांबेट्यांनी, ज्यांनी आपल्या सख्ख्या चुलतभावाला पासवर्ड दिला नव्हता, स्वतःच्या हातानं ती दोन्ही उपकरणं सोवळ्यात घेतली. घेताना डोळे मिटले होते. मी पाहिलं.

आणि लागलीच भिंतीवर कुसुमताई आल्या. पूर्ण. चष्म्याच्या काडीला बांधलेल्या दोऱ्यासकट. "अगं बाई, किती स्पष्ट!" माई ओरडल्या. "कुसुम, तुझ्या मागची भिंत रंगवून घे, पोपडे आलेत!" तिकडून आवाज आला, "विश्वास कुठाय? किती रे वाळलास! खातोस की नाही?" विश्वास कडेला उभे राहून "हो मावशी, नाही मावशी" करत होते.

तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही. रोज पाच वाजता भिंतीवर ओसरी भरायची. खांबेटे कामावरून लवकर यायला लागले. पुढे पुढे तर मी त्यांना वाती वळताना पाहिलं. सुरुवातीला त्या दोरखंडाएवढ्या व्हायच्या आणि भिंतीवरच्या तिघी जणी खो खो हसायच्या.

ऑगस्टमध्ये व्हिसा संपला तशा माई गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "पुढच्या उन्हाळ्यात येतेच. तोवर याच्याकडे बघ." विमानतळावरून परत आल्यावर खांबेटे दोन दिवस जिन्यात दिसले नाहीत.

मग सप्टेंबरातला एक शनिवार. सकाळी मी तळघरात बटाटे आणायला गेले तर खांबेट्यांची सायकल तिथल्या आमच्या कोठीच्या दाराला आडवी. हे तिसऱ्यांदा! माझं डोकंच फिरलं. तशीच चार जिने चढून गेले, बेल न वाजवता दार ठोकलं, आणि उघडल्याबरोबर सुरू झाले, "अहो खांबेटे, तुमचं सगळं शास्त्र वायफायला, आणि सायकलीला काही..."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू. आई झोपलीय."

माई तर कराडला. मी आत गेले. टीव्हीवर माईंची खोली. तिकडे दुपार होती. माई आरामखुर्चीत, मान एका अंगाला, तोंड किंचित उघडं, मांडीवर अर्धवट वळलेली वात. वर पंखा फिरत होता.

"दिवसभर चालू ठेवतो," खांबेटे कुजबुजले. "सुट्टीच्या दिवशी. रात्रीही. तीच म्हणाली, राहू दे चालू. बोलत नाही आम्ही काही. ती तिचं करते, मी माझं."

एवढा मोठा तज्ज्ञ, आणि साधी गोष्ट सुचू नये? मीही कुजबुजले, "अहो, मग आपल्या बाजूचा आवाज बंद करून टाका की. म्हणजे आपण बोललेलं तिकडे जाणार नाही."

"तो बंदच आहे, वहिनी."

"मग आपण कुजबुजतोय कशाला?"

खांबेटे टीव्हीकडेच बघत होते. "तिकडचा चालू आहे ना," ते म्हणाले. "आपण मोठ्यानं बोललो की मला तिचा श्वास ऐकू येत नाही."

पंख्याची घरघर येत होती, लांब कुठेतरी रिक्षा गेली. त्याखाली तो होता, बारीक, जरासा घोरल्यासारखा. खांबेट्यांनी मला खुर्ची दिली. मी बसले, आणि माई जाग्या होईपर्यंत आम्ही दोघं तो ऐकत राहिलो.